वस्तीतल्या मुलांच्या आरोग्याचं काम करताय? या चुका टाळा

सांगलीतल्या एका वस्तीत आम्ही पहिलं शिबिर घेतलं ते कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. डॉक्टर वेळेवर आले, औषधांचे खोके मांडून झाले. मुलं आली ती एकेकटी, नाहीतर आजीचं बोट धरून. आया कुणी मार्केट यार्डात, कुणी धुण्याभांड्याच्या घरी. बाळाला जुलाब कधीपासून, शेवटची लस कुठली, हे सांगणारं कुणीच नव्हतं. संध्याकाळी एक आई म्हणाली, "ताई, तुमी आमच्यासाठनंच आलता, पर थांबलो तर हजेरी बुडती."

तेव्हापासून आम्ही वेळ वस्तीला विचारून ठरवतो. बहुतेक वेळा संध्याकाळी सहानंतर, किंवा कामाला सुट्टी असेल त्या दिवशी. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेशी बोलल्याशिवाय तारीख पक्की करू नका. कुठल्या घरात बाळंतपण झालंय, कुठलं मूल आठवडाभर अंगणवाडीत आलेलं नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरी चूक दंडघेर, म्हणजे कुपोषण ओळखण्यासाठी दंडाचा घेर, रंगीत पट्टीनं मोजताना होते. हिवाळ्यात दीड वर्षाच्या एका मुलीचा दंड स्वेटरवरूनच मोजला गेला आणि पट्टी पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषणात आली. शंका आली म्हणून स्वेटर काढून पुन्हा मोजलं, तर लाल, म्हणजे तीव्र. कापडाच्या जाडीनं ती मुलगी तीव्र कुपोषितांच्या यादीतून सुटली असती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून बाही पूर्ण काढा. डावा हात घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करा, हात सैल सोडलेला असू द्या. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण; 11.5 ते 12.5 च्या मधलं मूल मध्यम कुपोषित. दोन्ही पायांवर अंगठ्यानं दाबूनही बघा. खळगा तसाच राहिला तर पट्टी काहीही सांगो, मूल लगेच डॉक्टरांकडे न्या.

सगळ्यात महागात पडते ती, मुलाला केंद्रात भरती करा अशी चिठ्ठी देऊन मोकळं होण्याची चूक. महिन्याभरानं गेलं की तीच चिठ्ठी देवाच्या फोटोमागे घडी घालून ठेवलेली सापडते. आईला हलगर्जी म्हणू नका. कुपोषित मुलांवर उपचार करणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहायचं, तर थोरल्या पोराला जेवू कोण घालणार? कामावरची जागा राहील का? आधी हे प्रश्न शेजारीण, सासू, मुकादम यांच्याशी बोलून सोडवा. बुडीत मजुरीपोटी आईला रक्कम देण्याची तरतूद असते, तीही केंद्रात विचारून घ्या. पहिल्या दिवशी तुमच्यातलं कुणीतरी सोबत जा.

जुलाबाच्या बाबतीत एकच गोष्ट तपासा: ओआरएसचं पाकीट कशात कालवलं? एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजलं, तर मिठाचं प्रमाण वाढून मुलाला अपाय होतो. घरातली एक लिटरची बाटली मागून घ्या आणि आईच्याच हातानं कालवून बघा. कालवलेलं पाणी उरलं तर 24 तासांनी ओतून द्यायचं. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण करायच्या.

लसीकरणाचं कार्ड हरवलंय म्हणून लस अडवू नका. 2019 च्या पुरात कित्येक घरांतली कागदपत्रं भिजली, वाहून गेली. नर्सताईंच्या रजिस्टरात नोंद शोधा. मधे खंड पडला तरी झालेले डोस वाया जात नाहीत, राहिलेले तेवढे पुढे द्यायचे असतात.

शहरालगत ऊसतोडीची कुटुंबं उतरतात, ती दिवाळीच्या आसपास येतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांच्या मुलांची यादी फेब्रुवारीतच काढा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो, तो कुणाचा राहिलाय ते आधी बघा. जाताना कार्ड आईच्या हातात द्या, पुढची तारीख तिच्याकडून दोनदा वदवून घ्या आणि गावाकडच्या आशाताईंचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये भरून द्या.