नव्या फ्लॅटचा पहिला पावसाळा

ताबा मिळाला की बहुतेक घरांत आधी सुतार येतो. कपाटं, टीव्हीमागचं पॅनेलिंग, फॉल्स सीलिंग असं सगळं दोन महिन्यांत उभं राहतं. मग पाऊस लागतो, कपाटामागून कुबट वास यायला लागतो आणि ओल कुठून येतेय हे बघायला नवं कोरं कपाट सोडवावं लागतं. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी पाण्याची परीक्षा, मग सुतार, शेवटी रंग. मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो त्याआधीच येतो. तेव्हा खाली दिलेली कामं एप्रिल-मेमध्ये, घर रिकामं असतानाच उरका. जमत असेल तर बाहेरच्या भिंतींना टेकणारं फर्निचर पहिला पावसाळा सरेपर्यंत करूच नका. आतल्या भिंतींचं काम खुशाल करून घ्या.

बाथरूममध्ये पाणी तुंबवून बघा

फ्लॅटमधल्या गळतीची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात खर्चिक जागा म्हणजे बाथरूम. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर टाइल बसवतात. टाइलच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी या भरावात साठत राहतं आणि कित्येक महिन्यांनी खालच्यांच्या छतावर डाग होऊन उमटतं. तोवर तुम्ही राहायला आलेले असता आणि दुरुस्ती म्हणजे अख्खं बाथरूम फोडणं.

परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून नहाणी ट्रॅपचं (जमिनीवरचं पाणी जाळीखाली जिथून वाहून जातं त्या भांड्याचं) तोंड घट्ट बंद करा. दाराच्या उंबऱ्याशी सिमेंट-वाळूचा किंवा शाडूच्या मातीचा तीन इंची बांध घाला. मग एक ते दीड इंच पाणी भरा, टाइलवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि ४८ तास हात लावू नका. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण खरा निकाल त्यांच्या छतावरच दिसणार आहे. उन्हाळ्यात काही मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातंच. पातळी अर्धा इंच उतरली तर मात्र पाणी कुठेतरी मुरतंय. आधी वाळूची पिशवी आणि बांध तपासा, कारण अर्ध्या वेळा तिथूनच गळत असतं. छत ४८ तासांनी कोरडं दिसलं तरी चार-पाच दिवसांनी पुन्हा बघून या, कारण भराव आधी स्वतः पाणी पितो.

गळती सापडली तर ती बहुधा तीन जागी असते: नहाणी ट्रॅप आणि स्लॅब यांच्यातला सांधा, स्लॅबमधून आरपार जाणारा पाइप आणि जमीन-भिंतीचा कोपरा. टाइलच्या फटी ग्राउटने (सांधे भरायच्या सिमेंटसारख्या लगद्याने) भरून मूळ गळती थांबत नाही. ग्राउट वरचं पाणी कमी करतो, खालचं वॉटरप्रूफिंग त्याने दुरुस्त होत नाही. ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्या-वाळवण्याच्या छोट्या बाल्कनीतही, हीच परीक्षा घ्या. वॉशिंग मशीन तिथे लागणार आणि तिथल्या जमिनीचा ढाळ हमखास चुकलेला असतो. बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की भिंतीकडे, एवढं पाहिलं तरी पुरे.

भिंतीतले पाइप वेगळे तपासायचे. प्लंबरकडे हातपंप आणि प्रेशर गेज असतो. सगळी नळांची तोंडं प्लगने बंद करायची, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि तासभर काटा हलतो का ते पाहायचं. ही परीक्षा सुताराचं काम संपल्यावर पुन्हा करा, कारण पाइपमधला खिळा बरेचदा त्याचाच असतो. तुम्हालाही भिंतीत भोक पाडायचं असेल तर नळाच्या किंवा स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली पाडू नका. पाइप आणि वायर बहुतेक त्याच रेषेत उभे गेलेले असतात.

खिडक्या

पावसाचं पाणी भिंतीतून येतं असं वाटतं, पण पुष्कळदा ते खिडकीच्या चौकटीतून येऊन भिंतीत उतरलेलं असतं. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. पट्टीत साचलेलं पाणी तिथून बाहेर पडायला हवं. नव्या घरात ती सिमेंटने आणि रंगाने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा, पट्टीत तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर जातं का बघा. उत्साहाच्या भरात कुणी ती सिलिकॉनने बंद केली असतील तर आधी ते सिलिकॉन काढा.

बाहेरून हात पोचत असेल, म्हणजे बाल्कनीकडची खिडकी असेल, तर नळीने पाणी मारून बघा. सुरुवात खालून करा: पाच मिनिटं खालच्या कडेवर, मग बाजूच्या कडांवर, शेवटी वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि नेमका कुठला फुटलाय ते कळत नाही. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या फरशीचा ढाळ बाहेरच्या बाजूला हवा, आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालून बोटभर रुंद खाच हवी. ती नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला धरून पुन्हा भिंतीवर येतं.

सांधा भरायचा तो बाहेरून. आतून भरला तर पाणी आत यायचं थांबत नाही, फक्त तुम्हाला दिसायचं थांबतं आणि ते भिंतीत मुरतं. सांधे भरायचं सिलिकॉन घेताना न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन संगमरवराला आणि धातूला बाधतं, सिमेंटवर नीट चिकटतही नाही. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढा, जागा खडखडीत कोरडी करा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि एका दमात भरा. निदान २४ तास पाणी लागू देऊ नका. उंच मजल्यावर खिडकीबाहेर लटकून हे काम करू नका. सोसायटी दोरीवाले रंगारी बोलवेल तेव्हा त्यांच्याकडून करून घ्या.

ओल दिसलीच तर आधी ती वाचा

रंग लावायच्या आधी ओल कसली आहे ते ठरवा. पावसासोबत वाढणारा आणि ऊन पडल्यावर सुकणारा डाग बाहेरून येतो. बारा महिने सारखाच राहणारा डाग पाइपचा. तळमजल्यावर जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत चढलेली आणि लोणा (पांढरा क्षार) धरलेली ओल इमारतीच्या पायातून वर येते. शंका असेल तर फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली, म्हणजे खिडकी उघडा, कपडे घरात वाळवू नका.

भिंतीतल्या ओलीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं हा बाजारातला आवडता उपाय आहे आणि तो फसतो. पाणी आलेलंच असतं, ते बाजूला सरकतं आणि हातभर अंतरावर पोपडे धरतात. बाहेरचा सांधा बुजवा, भिंत एक हिवाळाभर सुकू द्या, पोपडे खरवडा, मग पुट्टी आणि रंग. बाहेरची भिंत, गच्ची आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीकडे असते. तुमच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर ती तुमच्याकडे.

कॉलम आणि विटांची भिंत मिळते तिथे उभी केसासारखी चीर पडते. दोन्ही साहित्यं वेगवेगळी फुगतात आणि मध्ये जाळी मारलेली नसते, एवढंच कारण. हिला घाबरू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांत चीर खुणेच्या पुढे गेली, किंवा पोस्टकार्डाची कड सहज आत जाईल इतकी रुंद झाली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कॉलम-बीमवर गंजाचे तपकिरी ओघळ दिसले तर महिनाभर थांबायचीही गरज नाही, लगेच दाखवा.

वीज

डीबी (विजेच्या स्विचांची मुख्य पेटी) उघडून कुठला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) कशाचा आहे ते एकेक पाडून बघा आणि चिठ्ठी चिकटवा. आरसीसीबीवर (करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) ३० एमए (मिलिअँपिअर) लिहिलंय का ते वाचा. माणसाला शॉकपासून वाचवायला घरात तेवढ्याचाच लागतो. त्याच्यावरचं टेस्ट बटण दर तीन महिन्यांनी दाबा. दाबूनही तो पडला नाही तर तो शोभेचा आहे, बदला.

पावसात आरसीसीबी वारंवार पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याने पडेल ती लाइन. बहुधा बाल्कनीतला दिवा, गीझर किंवा वॉशिंग मशीनचं सॉकेट निघतं. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल तर उपकरणांचे प्लगही काढा, कारण एका पोलचा एमसीबी न्यूट्रल (विजेची परतीची वायर) तोडत नाही. तरी पडतच असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. आरसीसीबी काढून थेट जोडून देतो म्हणणाऱ्याला मात्र परत पाठवा. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवून घेणं हाही तसाच उद्योग: वायर तीच राहते, ती तापते आणि मोठा एमसीबी बघत बसतो. २००० वॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, तो १६ अँपिअरच्याच सॉकेटवर हवा.

किरकोळ, पण पहिल्याच महिन्यात

फ्लॅटचा मुख्य वॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. तो आणि प्रत्येक अँगल कॉक (बेसिन-फ्लशखालचा छोटा वॉल्व्ह) दर तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करा, नाहीतर क्षाराने जाम होतो आणि पाइप फुटेल त्या दिवशी फिरत नाही. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा. नव्या पाइपमध्ये गवंड्याची वाळू असतेच. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गळतोय. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या नहाणीत आठवड्याला मगभर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी आटलं की घाण वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. गावाला जाताना पाण्यावर चमचाभर तेल टाकलं तर ते हळू आटतं.

बिल्डरकडून प्लंबिंगचा आणि वायरिंगचा नकाशा, प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा टाइल आणि रंगाचे शेड नंबर मागून घ्या. दोन वर्षांनी तीच टाइल बाजारात मिळेलच असं नाही.

तक्रार कागदावर

रेरा (बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत दिसलेला बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सोयींचा दोष कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. केला नाही तर भरपाई मागता येते. साइटवरच्या सुपरवायझरला फोनवर सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. खोलीचं नाव, तारीख आणि फोटो घालून ईमेल करा, सोबत स्पीड पोस्टने पत्र पाठवा. इंटिरिअरचं काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत आणि जमीन यांचे फोटो काढून ठेवा. नाहीतर ‘तुमच्याच सुताराने पाइप फोडला’ हे उत्तर तयार असतं. उत्तर येईपर्यंत स्वतः टाइल फोडायला घेऊ नका.

जुलैत दार फुगून चौकटीत अडकायला लागलं तर रंधा मारून घ्यायची घाई नको. डिसेंबरात लाकूड आकसतं आणि तेच दार खडखडायला लागतं. तोवर घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती घासा, आणि दाराची वरची-खालची कड कोरी असेल तर हिवाळ्यात तिला पॉलिश किंवा ऑइलपेंट लावून घ्या. ओल त्याच दोन कडांतून आत शिरते आणि रंगारी नेमक्या त्याच सोडतो.