‘फालतू खटल्या’ची गोष्ट कशी पडताळावी

अमेरिकेत टॉर्ट रिफॉर्मचा, म्हणजे इजेच्या भरपाईच्या दाव्यांना लगाम घालण्याचा, वाद पेटला की कुठला तरी हास्यास्पद खटला पुढे केला जातो. तो झाला तरी का, हे आधी पाहा. कोर्ट, वर्ष, क्रमांक यांपैकी काहीच मिळेना, तर तिथेच सोडून द्या. क्रूझ कंट्रोल लावून मोटारघराच्या मागच्या भागात कॉफी करायला गेलेल्या बाईचा खटला वर्षानुवर्षं फिरतोय. तो निव्वळ बनाव आहे.

फेडरल (केंद्रीय) कोर्टाचे कागद पेसर या त्या कोर्टांच्या ऑनलाइन नोंदसेवेवर मिळतात: पानाला १० सेंट, तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर माफ. पण इजेचे बहुतेक दावे राज्यांच्या कोर्टात चालतात आणि ते पेसरवर नसतात. त्यासाठी त्या काउंटीच्या कोर्ट क्लार्ककडेच जावं लागतं. मूळ दावा, तो फेटाळण्याच्या अर्जावरचा आदेश, ज्यूरीचा निकाल आणि निकालानंतरचा न्यायाधीशांचा आदेश, एवढे कागद मिळवा. शेवटचा कागद सहसा कुणी उघडत नाही. फसगत होते ती तिथेच.

मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचंच घ्या. कॉफी अंगावर सांडून ७९ वर्षांच्या बाईला थर्ड डिग्री, म्हणजे कातडीच्या पूर्ण खोलीपर्यंत, भाजलं होतं. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवली जायची, आणि भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडे आधीच आलेल्या होत्या. तिने सुरुवातीला साधारण २०,००० डॉलर मागितले. कंपनीने ८०० देऊ केले. १९९४ मध्ये ज्यूरीने २७ लाख डॉलर दंडात्मक भरपाई (नुकसानीच्या वर, कंपनीला धडा म्हणून) ठरवली आणि मथळा झाला तो याच आकड्याचा. न्यायाधीशांनी ती ४,८०,००० वर आणली. मूळ २ लाखांच्या भरपाईतूनही तिच्या २० टक्के चुकीपोटी ४०,००० वजा झाले होते. पुढे गुप्त तडजोड झाली.

आता सुचवलेला उपाय तपासा. बिनबुडाचा दावा सुरुवातीलाच फेटाळून घेता येतो. फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ११ खाली वकिलाला दंडही होऊ शकतो, फक्त दावा मागे घ्यायला २१ दिवस द्यावे लागतात. भरपाईवरची कमाल मर्यादा मात्र दावा जिंकल्यावरच लागू होते. हरणाऱ्या फालतू दाव्याला तिचा काय धाक? कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत वेदना-यातनांच्या भरपाईला २,५०,००० डॉलरची मर्यादा घातली आणि ती २०२२ पर्यंत वाढवलीच नाही. बुडालेला पगार दाखवता येत नाही अशी मुलं, म्हातारी माणसं, गृहिणी यांनाच अशी मर्यादा जास्त भोवते.

दुटप्पीपणाचा आरोप करताना सारख्याची तुलना सारख्याशीच करा. कुणी कोर्टात गेलं, एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. इतरांना नाकारलेलीच गोष्ट स्वतःसाठी मागितली का, ते बघा. तेव्हाचे सिनेटर रिक सँटोरम वेदना-यातनांच्या भरपाईवर २,५०,००० च्या मर्यादेचे समर्थक होते. त्यांच्या पत्नीने कायरोप्रॅक्टरवर (मणके-सांधे हाताने दाबून उपचार करणाऱ्यावर) ५ लाखांचा दावा लावला आणि १९९९ मध्ये त्यांनी स्वतः साक्ष दिली. अवाजवी दंडात्मक भरपाईवर टीका करणाऱ्या माजी न्यायाधीश रॉबर्ट बोर्क यांनी येल क्लबमध्ये पडल्याबद्दल २००७ मध्ये १० लाखांहून जास्त मागितले, वर दंडात्मक भरपाईही.

हीच फूटपट्टी दुसऱ्या बाजूलाही लावा. मर्यादेला विरोध करणाऱ्या वकिलांची फी साधारणपणे वसुलीच्या एक तृतीयांश असते. त्यांच्या ‘रुग्णांच्या हक्कां’वरच्या पत्रकात या फीची ओळ आहे का, तेही पाहा.