आद्याक्षरी कविता वर्गात कशी शिकवावी

शब्द उभा लिहायचा आणि त्याच्या एकेका अक्षराने एकेक ओळ सुरू करायची, एवढीच आद्याक्षरी कवितेची अट असते. यमक जुळवण्याच्या नादात जी मुले अर्थावर पाणी सोडतात, त्यांना येथे फक्त ओळीचा आरंभ सांभाळावा लागत असल्यामुळे तिसरी-चौथीच्या वर्गाला कवितेकडे वळवण्यासाठी हा प्रकार फार सोयीचा ठरतो. मात्र इंग्रजीच्या तासाला केलेला खेळ जसाच्या तसा मराठीच्या तासाला आणला, तर तो पहिल्या पाच मिनिटांत अडतो, आणि कोठे अडतो हे शिक्षकाने आधीच हेरून ठेवलेले बरे.

पहिली अडचण अक्षराची. मराठीत मात्रेसह अक्षर धरले जाते. म्हणून 'पाऊस' या शब्दाच्या पा, ऊ, स अशा तीनच ओळी होतात. मुलांना हे समजावून सांगत बसण्यापेक्षा शब्द मोठ्याने उच्चारून प्रत्येक अक्षराला एक टाळी वाजवायला लावावी. आता 'पा'ची ओळ 'पा'नेच सुरू व्हावी की 'प'च्या बाराखडीतील कोणतेही अक्षर चालावे, याचा निर्णय आरंभीच जाहीर करावा. माझ्या मते पहिल्या वर्षी संपूर्ण बाराखडी मोकळी ठेवावी. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी 'मराठी' हा शब्द हमखास दिला जातो, आणि 'ठी' काटेकोरपणे मागितला की अख्खा वर्ग 'ठीक' या एकाच शब्दावर येऊन थांबतो. मोकळीक दिली, तर ठिपका, ठिणगी, ठेच, ठसा असे कितीतरी शब्द हाती लागतात. जोडाक्षरालाही हाच न्याय लावावा, म्हणजे 'पुस्तक'मधल्या 'स्त'साठी 'स' चालेल असे सांगून टाकावे; ज्याला 'स्तब्ध' सुचेल त्याला अर्थातच शाबासकी.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. ण आणि ळ ही अक्षरे मराठीत शब्दाच्या आरंभी येत नाहीत, आणि मुलांच्या आवडीचे निम्मे शब्द नेमके त्यांच्यावरच उभे असतात: शाळा, खेळ, पाणी, सण, चिमणी, दिवाळी. यावरचा तोडगा मुलांना भेंड्यांमधून आधीच ठाऊक असतो. 'ण' आला तर 'न'वरून गाणे म्हणायचे, 'ळ' आला तर 'ल'वरून. तोच नियम येथे लावावा. तरीही पहिला शब्द शिक्षकाने स्वतः निवडावा आणि तो निर्धोक असावा. पाऊस, आजोबा, सायकल, बाजार हे शब्द मी नेहमी वापरतो.

प्रत्यक्ष लेखनाला दोन तासिका लागतात. एका तासिकेत उरकण्याचा प्रयत्न केला, तर शुद्धलेखन आणि कविता दोन्ही घाईत जातात. पहिल्या तासिकेत ओळी लिहूच देऊ नयेत. फळ्यावर 'पाऊस' असे लिहून पाऊस आला की घरात काय काय घडते, काय दिसते, कसला वास येतो, कोण कोणाला ओरडते, हे मुलांना विचारावे आणि येणारा प्रत्येक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात टिपत जावे. ही शब्दांची पोतडी भरल्यावरच आद्याक्षरांकडे वळावे, कारण अक्षर आधी आणि अनुभव नंतर असा क्रम लागला की पुढील नमुन्यासारखे काहीतरी तयार होते:

पाणी पडते खूप खूप
ऊन जाते पळून
सगळे होतात आनंदी

यात चूक काहीच नाही, पण हा पाऊस कोणाचाही आहे. येथे शिक्षकाने लाल शाई न वापरता प्रश्न विचारावेत: पाणी कोठे पडते? खाली काय ठेवले होते? तुझे दप्तर कोठे होते? अशा उत्तरांमधून वर्गाने मिळून केलेली कविता साधारणपणे अशी होते:

पागोळ्यांखाली बादली लावून आजी उभी
ऊन पडेपर्यंत दप्तर खुंटीवर
सगळी वही भिजली, नाव तेवढं कोरडं

दोन्ही कविता फळ्यावर शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि कोणती का आवडली हे मुलांनाच बोलू द्यावे. त्यानंतर दुसऱ्या तासिकेत प्रत्येकाने आपला शब्द घ्यावा. येथे मी दोनच बंधने घालतो: शीर्षकाचा शब्द कवितेत कोठेही येता कामा नये, आणि 'सुंदर', 'छान', 'खूप' हे तीन शब्द त्या दिवसापुरते सुट्टीवर. पहिल्या बंधनामुळे परीक्षणही सोपे होते, कारण शब्द न सांगता ओळी वाचायच्या आणि वर्गाने तो ओळखायचा. ऐकणाऱ्याला आद्याक्षरे दिसत नसल्यामुळे ओळींत दम नसेल, तर शब्द ओळखता येत नाही, आणि काय कमी पडले हे लिहिणाऱ्याला आपोआप कळते.

स्वतःच्या नावावर कविता लिहायला मुलांना आवडते, पण 'ओम'च्या दोन ओळी आणि 'ज्ञानेश्वरी'च्या चार, यावरून रुसवेफुगवे ठरलेले. लहान नावाच्या मुलांना आडनाव जोडण्याची मुभा द्यावी. नावापुढे गुणांची यादी मांडली जाण्याचा धोका येथे सर्वांत जास्त असतो, म्हणून 'तू कसा आहेस' असे न विचारता 'तू काल काय केलेस' असे विचारावे.

वरच्या वर्गांत अटी वाढवता येतात: मात्रा काटेकोर पाळायची, किंवा शब्द ओळींच्या शेवटच्या अक्षरांतून वाचता यायला हवा, आणि तेथे ण-ळ अडवण्याऐवजी मदतीला येतात. अशी बंधने स्वतःवर घालून घेण्याची हौस मराठीत जुनी आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रचलेल्या अनेक रामायणांपैकी एकात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळलेली आहेत. हे सांगितले की सगळा वर्ग ओठ न मिटता बोलून पाहू लागतो, आणि मग पाच मिनिटे शिकवणे थांबवावेच लागते.

रंगीत खडूने आद्याक्षरे सजवणे, चित्रे काढणे, भिंतीवर लावणे हे सर्व कविता पक्की झाल्यावर. कोरा कार्डशीट आधी हातात दिला, तर मुले पहिले अक्षर रंगवण्यातच तास घालवतात आणि ओळ 'पाणी पडते खूप खूप' हीच राहते.