जुनं लिस्टर छापाचं ऑइल इंजिन: घेताना काय बघायचं, चालतं कसं ठेवायचं

कृष्णाकाठच्या विहिरींवर, गुऱ्हाळांत आणि पिठाच्या गिरण्यांत चालणारी दोन चाकांची संथ ऑइल इंजिनं सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत आजही शेडच्या कोपऱ्यात पडलेली सापडतात. वीज आली, मोटारी बसल्या, इंजिन तसंच राहिलं. त्यातलं बरंचसं पुन्हा चालतं करता येतं. मात्र घेताना एक हिशेब पक्का ठेवा: झिजलेला भाग नवा मिळतो, फुटलेलं ओतीव मिळत नाही. पिस्टन, रिंगा, स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ते नळकांडं), व्हॉल्व्ह, नोझल (डिझेल फवारणारं तोंड), बुश हे सगळं बाजारात मिळतं किंवा कुपवाड-मिरजेच्या लेथवर करून घेता येतं. क्रँककेस, क्रँक, हेड आणि दोन फ्लायव्हील मात्र धड असायलाच हवीत. किंमत या चार गोष्टींची ठरवा. इंजिन चालू आहे की बंद, हे त्यानंतर.

या घराण्याचं मूळ म्हणजे इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कारखान्याचं सीएस, म्हणजे 'कोल्ड स्टार्ट', इंजिन. ते १९३० च्या सुमारास आलं. लिस्टरची इंजिनं तिकडच्या कालव्यांतल्या बोटींतही बसवली गेली. आपल्याकडे जास्त दिसतं ते ६/१: एक सिलिंडर, ६ अश्वशक्ती, मिनिटाला ६५० फेरे, बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच इंच. ८/१ तशाच बांध्याचं, पण ८५० फेऱ्यांचं. याच नमुन्यावर राजकोटला मोठ्या प्रमाणावर इंजिनं झाली, त्यामुळे पाटी वाचल्याशिवाय 'अस्सल लिस्टर'ची किंमत देऊ नका. अस्सल इंजिनाच्या हेडजवळ बहुधा हातचाकी असते. ती कॉम्प्रेशन कमी-जास्त करण्यासाठी असून राजकोटच्या बऱ्याच इंजिनांत ती गाळलेली असते. म्हणून राजकोटचं इंजिन टाकाऊ ठरत नाही. सुटे भाग त्याचेच सोपे मिळतात. फक्त दोन कारखान्यांचे भाग एकमेकांना बसतीलच असं धरून चालू नका, मोजूनच घ्या.

बघायला जाताना विजेरी, जाड पहार, छोटी हातोडी आणि चिंध्या न्या. मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. गरम इंजिन आपले दोष झाकतं.

पहिल्यांदा फ्लायव्हील. प्रत्येक आऱ्यावर आणि तुंब्यावर (चाकाच्या मधल्या जाड भागावर) हातोडीने हलकं ठोका. धड ओतीव खणखणतं, चीर असेल तर आवाज बद्द येतो. तुंब्यात चावीच्या (चाक शाफ्टला जखडणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) खाचेजवळ चीर असेल तर ते इंजिन घेऊ नका, वेल्डिंगचा भरवसा कुणी दिला तरी नाही. मग चावी बघा. तिच्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर चाक शाफ्टवर हलतंय. कनेक्टिंग रॉडचा ठोका वाटणारा आवाज पुष्कळदा या सैल चावीचाच असतो. नवी चावी निमुळती घासून घट्ट बसवावी लागते. पत्र्याची पाचर मारलेली दिसली तर आधीच्या माणसाने काम टाळलं आहे.

पुढे क्रँककेसचं दार उघडा. पिस्टन वर आणून रॉड हाताने वर-खाली दाबा. टक्क असं जाणवलं तर बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग गेलं. फ्लायव्हीलखाली पहार घालून उचला, शाफ्ट उठताना दिसला तर मेन बेअरिंग. दोन्ही दुरुस्त होतात, पण तेवढे पैसे भावातून कापा. तळाच्या तेलात बोट फिरवा. कणी लागली तर ती ओतकामाची वाळू असू शकते. राजकोटच्या काही इंजिनांत ती आतून नीट साफ केलेली नसते, आणि तेल उडवून वंगण होणाऱ्या इंजिनात फिल्टर नसल्याने ती थेट बेअरिंगात जाते. असं इंजिन घेतलं तर पूर्ण खोला, आतली भिंत तारेच्या ब्रशने घासा, रॉकेलने धुवा आणि तेल सोसणारा रंग लावा.

नदीकाठच्या गावातलं इंजिन असेल तर आणखी एक तपासणी चुकवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत अनेक शेडं पाण्याखाली गेली. बाहेरून नवा रंग आणि बोल्टच्या खोबणीत बारीक पिवळा गाळ, ही बुडालेल्या इंजिनाची खूण. आत बेअरिंगच्या रुळांवर गंजाचे खड्डे असतात. स्लीव्हच्या वरच्या टोकाला गंजाचा पट्टा बोटाला खरखरीत लागतो.

कॉम्प्रेशन तपासायला फ्लायव्हील हाताने सावकाश दाबावर आणा. चाक उलटं झटकलं तर ठीक. चाक हळूहळू पुढे सरकून गेलं तर हवा कुठून सुसाटते ते कान देऊन ऐका. एअर फिल्टरच्या तोंडातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, धुराड्यातून आली तर एक्झॉस्ट, क्रँककेसमधून आली तर रिंगा किंवा स्लीव्ह. व्हॉल्व्ह घासून बसवणं एका दुपारचं काम आहे. स्लीव्हसाठी लेथवाल्याला बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं मोजायला सांगा. पाव मिमीहून जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगा बदलून पैसे वाया जातात. नव्या रिंगेचं तोंड स्लीव्हमध्ये धरून मोजा, ०.३५ ते ०.४५ मिमी फट हवी. ही फट कमी राहिली की रिंग गरम होऊन अडकते.

खोलताना पाने जपून निवडा. अस्सल लिस्टरचे आटे व्हिटवर्थचे असतात. मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. सिलिंडरखालची पॅकिंगं मोजून, क्रमाने तारेत ओवून ठेवा. पिस्टन आणि हेड यांमधली फट त्यांच्यावरच ठरते. जुन्या हेड पॅकिंगमध्ये आणि धुराड्यावरच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, पाण्याने भिजवून काढा.

नोझल आणि डिझेल पंपातला प्लंजर घरी उघडू नयेत. टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याकडेच द्या. डिझेल लाइनमधली हवा मात्र तुम्हीच काढायची. आधी डिझेल पंपाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, मग नोझलकडचा नट सैल करून हँडल फिरवा. नट आवळल्यावर नोझलमधून दर दोन फेऱ्यांना करकर आवाज आला की हवा गेली. तो आल्याशिवाय हँडल मारून दमू नका.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत वळवू नका. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरचा दाब सोडणारी दांडी) उचलून धरा, चाकांना वेग द्या, लिव्हर सोडा, हँडल काढा. हँडलच्या शाफ्टला गंज असेल तर ते सुटत नाही आणि इंजिनाबरोबर फिरतं. यात मनगटं मोडतात, डोकी फुटतात. शाफ्ट पॉलिश पेपरने गुळगुळीत करून दर वेळी ग्रीस लावा. गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या यंत्रणेची) दांडी अडकून इंजिन रेस झालं तर डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) बंद बाजूला दाबून धरा. तेही जमत नसेल तर हवेचं तोंड फळीने झाका. हात लावू नका.

आपल्या भागात इंजिनं सर्वांत जास्त मरतात ती पाण्याने. वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड पट्ट्यातलं विहिरीचं पाणी जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) थर धरतं, हेड तापतं आणि व्हॉल्व्हच्या बाजूला तडकतं. पंपाच्या डिलिव्हरीतून थेट गार पाणी सोडण्याची जुनी रीतही बरी नाही. इंजिन कधी नीट गरमच होत नाही, नोझलवर काजळी धरते आणि स्लीव्ह लवकर झिजते. त्यापेक्षा २०० लिटरचं पिंप इंजिनापेक्षा उंच बसवा, हेडकडून पिंपाकडे जाणारा पाइप चढता ठेवा आणि पाण्याची पातळी वरच्या पाइपच्या तोंडाच्या वर राखा. गरम पाणी आपसूक फिरतं. पिंपात पावसाचं पाणी भरा. जुना थर काढायला लिटरमागे ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवा, सकाळी सोडून दोनदा धुवा.

तेल एकाच ग्रेडचं, उन्हाळ्यात एसएई ४०, थंडीत ३० चालतं. नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं तेल ५० तासांत काढा, पुढे दर १०० ते १५० तासांनी. खुणेपेक्षा जास्त ओतू नका. डिपर (रॉडखालचा तेल उडवणारा चमचा) जास्त तेल उडवतो आणि धूर निळा होतो. काळा धूर म्हणजे बोजा जास्त किंवा नोझल खराब. सुरू होताना पांढरा धूर येऊन इंजिन घरघरत राहिलं तर दाब कमी.

पायासाठी १.२ बाय ०.९ मीटर आणि ०.६ मीटर खोल काँक्रीट करा. कमीत कमी दोन आठवडे पाणी मारल्याशिवाय बोल्ट आवळू नका. पट्ट्यावर पंप चालवायचा तर पुलीचा हिशेब आधी करा. इंजिन ६५० फेरे आणि पंप १४५० असेल, तर इंजिनाची १४ इंची पुली पंपाला सव्वासहा इंची मागते. पंपाची पुली याहून लहान लावली की पंप जास्त ओढतो आणि सहा घोड्यांचं इंजिन गुडघे टेकतं.

पावसाळ्यात इंजिन बंद ठेवणार असाल तर शेवटच्या दिवशी गरम असतानाच तेल काढून नवं भरा. जॅकेटमधलं पाणी पूर्ण सोडा. इनलेटमधून दोन चमचे तेल टाकून चाक चार फेरे फिरवा आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी थांबवा. धुराड्यावर डबा उपडा घाला. महिन्यातून एकदा चाक फिरवून पुन्हा त्याच जागी आणा.