सोलापुरात हस्की सांभाळताय? आधी भाकरी आणि कॅल्शियमची बाटली बाजूला ठेवा

अजून हस्की आणला नसेल, नुसता विचार चालू असेल तर आणू नका. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फात गाडी ओढायला घडवलेलं कुत्रं आहे ते, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जाऊन बसतोय. पण ज्यांच्या घरी तो आधीच आलाय त्यांना सोडून तर देता येत नाही ना, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडं आलेले हस्की हे दुसऱ्यांनी "आता सांभाळणं होईना" म्हणून दिलेलेच होते, आणि त्यातल्या बहुतेकांची अवस्था उन्हापेक्षा खाण्यानं जास्त बिघडलेली होती. उन्हाची भीती सगळ्यांना असते, त्यामुळं तिथं लोक काळजी घेतात. ताटाकडं कोणी बघत नाही.

फिरवणं आणि जागा

पहाटे उजाडायच्या आत एक मोठी फेरी, रात्री नऊनंतर दुसरी. मधल्या वेळेत शी-शूपुरतं सावलीत, बस. डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पंजे पण भाजणारच. रात्री आठला सुद्धा जुळे सोलापूरकडचे सिमेंटचे रस्ते तापलेले असतात, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

घरात शहाबादी फरशी असेल तर दुपारी त्याला तीच द्या, गादी-बिदी काढून टाका. कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, पण जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलरनं काही होत नाही, तेव्हा पंखा आणि जमलं तर दुपारचे तीन-चार तास एसी. पाणी तीन ठिकाणी ठेवायचं, आणि आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतंय त्यामुळं त्याच्यासाठी वेगळी घागर भरून ठेवायची सवय लावा. गेटला दोन कड्या हव्यातच आणि बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही. हस्की पळाला की हाक मारून येत नाही, पट्ट्यावर फोन नंबर असू द्या.

केस

कापायचे नाहीत. मशीन लावायचं नाही. उन्हाळा आला की गल्लीतला प्रत्येक माणूस सांगतो की मालक, टक्कल करून टाका, बिचाऱ्याला गार वाटेल. नाही वाटत. त्याच्या अंगावर दोन थर आहेत, वरचे लांब केस ऊन अडवतात आणि आतली लोकर गळून मोकळी झाली की कातडीपाशी हवा खेळते. मशीन लावलं की वरचा थर जातो, कातडी उघडी पडून भाजते आणि पुढं केस नीट येतीलच असं नाही. तुमचं काम एवढंच की सुटलेली लोकर विंचरून काढायची. त्यासाठी अंडरकोट रेक, म्हणजे आतली लोकर काढायची लांब दातांची फणी घ्या, एरवी आठवड्यातून दोनदा आणि लोकर सुटायच्या दिवसांत रोज. अंघोळ दीड-दोन महिन्यातून एकदा पुरे, फक्त नंतर आतपर्यंत वाळवायचं, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर आत ओल राहून कातडी सडते.

खाणं

आता खरा मुद्दा. मला ह्यानंच सगळ्यात जास्त दमवलंय आणि ह्यावरच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

पहिली गोष्ट म्हणजे हस्की कमीच खातो. पूर्ण वाढलेला नर साधारण २० ते २७ किलो, मादी १६ ते २३ किलो, आणि तेवढ्याच वजनाच्या लॅब्राडॉरपेक्षा त्याला अन्न कमी लागतं. शेजारचा लॅब गुबगुबीत दिसतोय म्हणून आपला वाळलाय असं समजू नका. दोन्ही हात बरगड्यांवर फिरवा, बरगड्या हाताला सहज लागल्या पण डोळ्याला उठून दिसल्या नाहीत तर वजन बरोबर आहे.

मार्च संपला की तो अजून कमी खातो. सकाळची वाटी संध्याकाळपर्यंत तशीच. इथून घरातल्यांची घालमेल सुरू होते, आई म्हणते दुधात भाकरी कुस्करून दे, काका म्हणतात वर तूप सोड, कोणीतरी मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली घेऊन येतंय की हाडं मजबूत होतील. आणि कुत्रं ते खातं पण, कारण दूध-तूप गोड लागतं. घरच्यांना वाटतं जमलं. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या डोळ्यांभोवती केस जायला लागतात, कातडी लाल होते, वर खपल्या धरतात, मग ओठांच्या कडेला, कानांच्या काठावर, कोपरांवर, पंजाच्या गाद्या कडक होऊन भेगाळतात.

ह्याला लोक खरूज म्हणतात. हस्कीमध्ये ती बऱ्याचदा झिंकची कमतरता असते. ह्या जातीतल्या काही कुत्र्यांच्या आतड्यातून झिंक मुळातच नीट शोषलं जात नाही, जन्मजात. त्यात ज्वारी, गव्हाचा कोंडा, शेंगदाणे, सोयाबीन ह्यात फायटेट नावाचा घटक असतो जो झिंकला धरून ठेवतो आणि अंगात जाऊ देत नाही. वरून घातलेलं जास्तीचं कॅल्शियम पण तेच करतं. म्हणजे दूध-भाकरी आणि कॅल्शियमची बाटली, जे आपण मायेनं देतो, ते दोन्ही मिळून आधीच कमी शोषलं जाणारं झिंक अजून अडवतात. भाकरी आपल्यासाठी उत्तम आहे, सोलापूरचं घर कडक भाकरीशिवाय चालत नाही, पण हस्कीचं पोट त्यासाठी नाही. रोजचं जेवण म्हणून भाकरी देणं बंद करा, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

खपल्या दिसल्या की करंजाचं तेल, हळद, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे गॅरेजमधलं जळकं ऑइल, हे लावणारे लोक मी बघितलेत. जळकं ऑइल कुत्रं चाटतं आणि ते विष आहे. असलं काहीही लावू नका. जनावरांच्या डॉक्टरकडं जाऊन आधी कातडी खरवडून तपासून घ्या, म्हणजे खरजेचे किडे आहेत की नाहीत ते कळतं. नसतील तर झिंकबद्दल तुम्ही स्वतः विचारा, कारण एखाद्या डॉक्टरकडं हस्की कमी येत असतील तर हे लगेच सुचेलच असं नाही. खात्रीसाठी कातडीचा छोटा तुकडा काढून लॅबला पाठवतात. झिंकच असेल तर गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत फरक दिसतो, पण काही कुत्र्यांना ह्या गोळ्या जन्मभर लागतात, तेव्हा खपल्या गेल्या म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. आणि मेडिकलमधून माणसांच्या झिंकच्या गोळ्या आणून अंदाजानं तर मुळीच देऊ नका, झिंक जास्त झालं की रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरनंच ठरवायची. गोळी जेवणासोबत द्यायची, रिकाम्या पोटी दिली की उलटी होते.

मी काय देतो ते सांगतो. जेवण दोनदा, पहाटेच्या फेरीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं धाप बसल्यावर आणि रात्री गार झाल्यावर. दुपारी काही नाही. पाया म्हणजे चांगलं ड्राय फूड, ज्याच्या घटकांत पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं आहे, मक्याचं किंवा गव्हाचं नाही, आणि पाकिटावर ते पूर्ण आहार असल्याचं लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात ते गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवतो, तेवढंच पाणी पण पोटात जातं. त्यावर उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं उकडलेलं मटण नाहीतर चिकनच्या मांडीचा भाग. झिंकसाठी मटण चिकनपेक्षा चांगलं. कलेजी आठवड्यातून एकदा दोन छोटे तुकडे, त्यापेक्षा जास्त नाही कारण अ जीवनसत्त्व अंगात साठतं. दोन चमचे दही, कधी उकडलेला लाल भोपळा. हे वरचं सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढं जाऊ देत नाही. असलं ड्राय फूड चालू असताना कॅल्शियम वेगळं घालायची गरज नसते, त्यात ते असतंच. पिल्लालाही नाही, वाढत्या वयात जास्तीच्या कॅल्शियमनं हाडं उलट वाकडी होऊ शकतात.

पण जे फक्त घरचं शिजवलेलं देतात त्यांचं उलटं आहे हे लक्षात घ्या. नुसतं चिकन-भात दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, तिथं ते मोजून घालावंच लागतं. किती, हे डॉक्टरकडून वजन सांगून लिहून घ्या. बाटलीचं झाकण भरून अंदाजानं ओतणं हा प्रकार कुठल्याच बाबतीत नको.

आता न खाण्याचं काय करायचं? वाटी खाली ठेवा, वीस मिनिटं थांबा, नाही खाल्लं तर उचला. पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. बिस्कीट नाही, ब्रेड नाही, आपल्या ताटातला घास नाही. हे करताना घरात भांडणं होतात, मला माहितीये, आजी लपून खारी देते. सगळ्यांना बसवून एकदा समजावून सांगा, कारण एका माणसानं जरी दिलं तरी हस्की शिकतो की थांबलं की चांगलं मिळतं, आणि मग तो दोन-दोन दिवस थांबतो. हट्टी जात आहे, तुमच्यापेक्षा जास्त थांबू शकते. ठाम राहिलात तर एक-दोन वेळा उपाशी राहून खायला लागतो. मात्र हे फक्त धडधाकट मोठ्या कुत्र्यासाठी, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला असं उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर उतरते.

हट्ट आणि आजार ह्यातला फरक ओळखता आला पाहिजे. नेहमीचं सोडलं पण उकडलेलं अंडं दाखवल्यावर उठून येतोय, पाणी पितोय, फिरायला जायला तयार आहे, तर हट्ट. अंड्याकडं पण मान फिरवतोय, कोपऱ्यात पडून आहे, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. घरात एक थर्मामीटर फक्त त्याच्यासाठी ठेवा, शेपटीखाली गुदद्वारातून ताप बघायला शिका, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट हे नॉर्मल.

द्यायचंच नाही असं: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम, शिजवलेली हाडं. शेंगा चटणीत लसूण असतो त्यामुळं चटणी लागलेली भाकरी तर दुहेरी वाईट. मटणाच्या पार्टीनंतर नळ्या टाकायची पद्धत आहे आपल्याकडं, शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. आणि ताप आला म्हणून घरातली तापाची किंवा दुखण्याची गोळी द्यायची नाही.

ऊन लागलं तर

धाप थांबत नाही, लाळ दाट चिकट झालीय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत, उलटी होतेय. ताप १०५ च्या वर गेला असेल तर एक मिनिट घालवू नका. आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं, हा क्रम बदलू नका. सावलीत घेऊन नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर, सगळ्या अंगावर ओतत राहा, लोकर भिजून पाणी कातडीपर्यंत पोचलं पाहिजे, आणि वर पंखा फुल. ओली चादर गुंडाळून ठेवू नका, ती लगेच गरम होते आणि उष्णता आत कोंडते. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतायचं नाही, शुद्धीत असेल तर वाटी पुढं ठेवा, तो पिईल. ताप १०३.५ ला आला की पाणी थांबवा आणि डॉक्टरकडं न्या. उठून चालायला लागला तरी न्यायचंच, आतल्या अवयवांना झालेला त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो.

लसी आणि गोचीड

पिल्लाच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पूर्ण करायच्या, रेबीजची डॉक्टर सांगेल त्या तारखेला न चुकता, जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, पिल्लाला डॉक्टर सांगेल तसं. नखं महिन्यातून एकदा.

गोचिडांना मात्र हलकं घेऊ नका. आपल्याकडं त्या जवळपास वर्षभर असतात आणि हस्कीच्या दाट लोकरीत दिसत नाहीत, त्यामुळं रोज रात्री बोटांनी चाचपायचं, कानाच्या आत, काखेत, बोटांच्या मधे, शेपटीच्या बुडाशी. गोचीड तापात कुत्रं आधी जेवण सोडतं, मग ताप येतो, प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि उन्हाळ्यात "गरमीनं खात नाही" म्हणून हेच नेमकं राहून जातं. शंका आली की रक्त तपासा, लवकर सापडलं तर औषधानं बरं होतं. गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरला विचारून तारीख लिहून द्या. आणि फक्त कुत्र्याला औषध देऊन भागत नाही, गोचिडी भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागं, फरशीच्या सांध्यात अंडी घालतात, तिथंही औषध मारावं लागतं, मारल्यावर पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा मारायचं कारण पहिल्या वेळची अंडी तोपर्यंत फुटलेली असतात.