सर्किट ब्रेकरच्या मेकॅनिझममधला खर्च कमी करताय? या चुका टाळा

खर्च कमी करायचं काम हाती आलं की नवा डिझायनर आधी मिलिंगचा पार्ट शोधतो आणि म्हणतो, हा पत्र्यातून काढू. कल्पना वाईट नाही. पण तो पार्ट ट्रिप लॅच (रोलरला अडवून ब्रेकर क्लोज धरून ठेवणारी खिटी; ती सरकली की ब्रेकर सुटतो) असेल तर जरा दमानं.

एका कारखान्यात मिलिंग-ग्राइंडिंग होऊन येणारा लॅच साध्या ब्लँकिंग टूलवर (प्रेसवर पत्र्यातून आकार कापणारा डाय) घेतला. मापं बरोबर, हार्डनेस बरोबर. टेबलावर हाताने चार वेळा खटखट करून सगळे खूश. (या खटखटीला टेस्ट म्हणणाऱ्यांची मला चीड येते.) एन्ड्युरन्स टेस्ट (ब्रेकर हजारो वेळा चालवून बघणं) निम्मी होते न होते तोच ब्रेकर क्लोज होऊन लगेच सुटायला लागले. दोष आधी स्प्रिंगवर गेला, मग ग्रीसवर, शेवटी असेंब्लीच्या पोरांवर. लॅच काढून त्याची कड भिंगाखाली धरली तेव्हा उलगडा झाला. चकचकीत पट्टा जाडीच्या जेमतेम एक तृतीयांश, उरलेली कड खडबडीत आणि तिरकी. ब्लँकिंगमध्ये पत्रा थोडा कापला जातो आणि पुढे तुटतो, म्हणून असं होतं. रोलरचा सगळा भार त्या पट्ट्यावर येऊन टवके उडाले होते. त्यात बर (कापल्यावर कडेला उरणारी धारदार कोर) कोणत्या बाजूला, हे ड्रॉइंगवर नव्हतंच. लॅच हाताला येईल तसा बसत होता.

मी ड्रॉइंगवर रोलर टेकतो ती एकच कड लाल पेनने रंगवतो. ती फाइन ब्लँकिंगने (जवळजवळ पूर्ण जाडीत गुळगुळीत कापणारी पद्धत) किंवा शेव्हिंग करून (कडेचा पातळ थर तासून) घ्यायची. बाकीच्या कडा कशाही येऊ देत, बचत तिथेच आहे. शिवाय पार्ट उलटा बसूच नये अशी खाच ठेवतो.

कडक स्प्रिंगवर स्वस्तातलं झिंक प्लेटिंग करून बेकिंग (भट्टीत तापवणं) गाळू नका. पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताणलेली स्प्रिंग गोदामात पडल्या पडल्या तुटते. प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत, साधारण २०० अंश सेल्सिअसला, काही तास बेकिंग हवंच.

नायलॉन ओलावा पितो आणि फुगतो. फिरत्या पिनेजवळ वापरताना फट त्या हिशेबाने ठेवा.

सगळे टॉलरन्स सरसकट ढिले करू नका. प्रत्येक पिनेची ढिलाई शेवटी कॉन्टॅक्टच्या वाइपमधून (कॉन्टॅक्ट टेकल्यावरही पुढे दाबला जातो ते अंतर) वजा होते, आणि वाइप गेला की कॉन्टॅक्ट तापतो.

टेस्टचा खर्च मात्र सगळेच विसरतात. आयईसी ६२२७१-१०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एन्ड्युरन्स टेस्टमध्ये एम१ वर्गाला (साधा यांत्रिक टिकाऊपणा) २,००० ऑपरेशन्स लागतात, एम२ ला (वाढीव टिकाऊपणा) १०,०००. लॅच बदलला की ही टेस्ट पुन्हा आली, म्हणून वर्षाला मोजकेच ब्रेकर विकणाऱ्याने लॅचच्या वाटेला जाऊ नये. त्याने बाहेरची कव्हरं आणि पॅकिंग बघावं.