विश्वामित्रीच्या पाण्याची नोंद कशी ठेवावी

पावागडाच्या डोंगरात उगम पावून बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरींची वस्ती असल्यामुळे, सयाजीराव विद्यापीठातील ज्या विद्यार्थ्याला स्वयंसेवक म्हणून पाणी तपासायचे आहे, त्याने काठावर न उतरता पुलावरून दोरी बांधलेल्या बादलीनेच नमुना घ्यावा. तापमान व विरघळलेला प्राणवायू तेथेच मोजावा, कारण बाटली घरी नेईपर्यंत हे आकडे बदलतात. शिवाय प्राणवायू सहसा पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर अधिक असतो, म्हणून दर आठवड्याला वेळ एकच ठेवावी (परीक्षा जवळ आल्या की हीच शिस्त आधी मोडते). काठावरचा कचरा उचलण्याची हौस उन्हाळ्यात आवरावी; त्या दिवसांत मगरींची अंडी काठाच्या मातीत पुरलेली असतात आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांनाही संरक्षण आहे.